फोनचे पैसे कापले गेले? आधी ओळ शोधा

"मॅडम, बिल जादा आ गया।"

इंदूरला वीज मंडळात बिल दुरुस्तीच्या खिडकीमागे मी बावीस वर्षं काढली आणि हे वाक्य रोज निदान तीस वेळा ऐकलं. खरं सांगते, या वाक्यानं माझा हात कधी हलला नाही. बिल जास्त आलं, मग मी काय करू? उन्हाळ्यात कूलर चालवलात, जास्त येणारच. पण एखादा माणूस यायचा, कागद आत सरकवायचा आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणायचा, "ये रीडिंग देखिए, पिछले महीने से कम कैसे हो गई?" त्याच्यासाठी मी लगेच रजिस्टर काढायची. तो भला होता म्हणून नव्हे. त्यानं मला काम करता येईल अशी गोष्ट हातात दिली होती म्हणून.

एवढं सगळं ठाऊक असून, सासूबाईंच्या फोनमधले पैसे गेले तेव्हा मी पहिल्या दिवशी अगदी त्या तीस जणांसारखीच वागले.

आईंचा फोन प्रीपेड, बटणांचा. पॅकमध्ये बोलणं फुकट आहे, तरी नणंद मस्कतला असते, तिला कधीमधी साधा फोन लावता यावा म्हणून त्या वर थोडा टॉकटाइम ठेवतात. आमच्या लोकमान्यनगरातल्या दुकानदाराकडून शंभराचं टॉप-अप मारून आणलं. नऊ दिवसांनी आई म्हणाल्या, "अगं, शंभर होते ना, आता छत्तीस दाखवून राहिला आहे. कोण खाऊन राहिलंय?" मी तडक कंपनीचा १२१ लावला, वीस मिनिटं गाणी ऐकली आणि माणूस लाइनवर आल्यावर काय म्हणाले? "भैया, पैसे कट गए।" "मॅम, सर्विस आपके नंबर से ही चालू हुई है। और कोई सहायता?" संपलं. मी फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. खिडकीमागे असते तर मीही हेच केलं असतं.

मग चहा टाकला, वही घेतली आणि हिशोबाला बसले.

पहिली गोष्ट ही की शंभरातले सगळे शंभर कधीच मिळत नाहीत आणि ती चोरी नाही. मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. शंभराच्या टॉप-अपमधून १५ रुपये २५ पैसे करात जातात, ३ रुपये प्रोसेसिंग शुल्क, हातात उरतात ८१ रुपये ७५ पैसे. दहाच्या टॉप-अपचे ७ रुपये ४७ पैसे होतात तेही असेच, कर आणि १ रुपया शुल्क जाऊन. म्हणजे आईंचे चौसष्ट गेलेच नव्हते. ८१.७५ मधून ३६.७५ उरले होते, गेले होते बरोबर ४५. नऊ दिवस, पंचेचाळीस रुपये. रोजचे पाच. हे कळल्यावर प्रश्नच बदलला. एकदाच काहीतरी कापलं गेलं नव्हतं, रोज कापणारी सेवा फोनवर बसली होती.

पोस्टपेडवाल्यांची गंमत उलटी. आमच्या जाऊबाई राजेंद्रनगरहून फोन करून सांगतात, "३९९चा प्लॅन म्हणाले आणि ४७०.८२चं बिल पाठवलं, लुटून राहिले आहेत." पोस्टपेडच्या जाहिरातीत दाखवलेल्या भाड्यात बहुधा कर धरलेला नसतो. ३९९ वर १८ टक्के लावा, पैशापर्यंत ४७०.८२ येतात. पहिलं बिल तर नेहमीच विचित्र दिसतं. जोडणी महिन्याच्या मध्ये घेतली तर तेवढ्या दिवसांचं भाडं आणि पुढच्या महिन्याचं आगाऊ भाडं एकत्र येऊ शकतं. हे वजा केल्यावर जे उरतं तेच भांडायचं. नाहीतर कराच्या रकमेसाठी भांडत बसाल आणि खाली बसलेली ९९ रुपयांची "मूल्यवर्धित सेवा" (कॉलर ट्यून, राशिभविष्य अशी वेगळे पैसे घेणारी जादा सेवा) तशीच सुटून जाईल.

म्हणून बिलाच्या बेरजेकडे बघूच नका. पीडीएफ उघडा, दुसरं-तिसरं पान काढा. तिथे मासिक भाडं, वापर शुल्क, मूल्यवर्धित सेवा, एकवेळचं शुल्क, सूट, मागची बाकी, विलंब शुल्क अशा ओळी वेगवेगळ्या असतात. मागच्या दोन महिन्यांची बिलं शेजारी ठेवा. जी ओळ आधी नव्हती आणि आता आहे, किंवा आधी होती आणि आता नाही (सूट संपली की बिल वाढतं, लोक ते विसरतात), तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा.

प्रीपेडवाल्यांना बिल येतच नाही, पण ते मागता येतं हे फार कमी जणांना माहीत आहे. २०१२च्या दूरसंचार ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे प्रीपेड ग्राहक मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा तपशीलवार हिशोब मागू शकतो आणि कंपनी त्याचे ५० रुपयांहून जास्त घेऊ शकत नाही. पंचेचाळीससाठी पन्नास खर्चायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. आधी मेसेजची पेटी उघडा. पैसे कापल्याचे मेसेज तिथे पडलेले असतात, फक्त ते इंग्रजीत असल्यामुळे आईंसारखी माणसं उघडतच नाहीत. आम्हाला त्यात सापडलं: राशिभविष्याची सेवा, रोज पाच रुपये, सुरू झाल्याची तारीख टॉप-अपच्याच दिवशीची.

आता ती बसली कशी? आईंना विचारलं तर आधी म्हणाल्या, "मी काहीच नाही दाबलं." संध्याकाळी देवाजवळ दिवा लावता लावता आठवलं. "एक बाई फोनवर बोलत होती, तुमची रास जाणायला एक दाबा. मी दाबलं एक. चुकलं का?" आई, चुकलं नाही हो, तो फोन त्यासाठीच केलेला असतो. असे आणखीही रस्ते आहेत. दुसऱ्याची कॉलर ट्यून ऐकताना "ही ट्यून हवी असेल तर स्टार दाबा" येतं, आपण सहज दाबतो. स्मार्टफोनच्या पडद्यावर मध्येच एक चौकोन उगवतो, त्याला घालवायला आपण "ओके" करतो आणि त्या ओकेलाच संमती समजलं जाऊ शकतं. हा चौकोन सिममधून येतो. ॲपच्या यादीत "सिम टूलकिट" नावाचं एक चिन्ह असतं, त्यात जाऊन असे मेसेज बंद करायचा पर्याय शोधा. कंपनीगणिक त्याचं नाव वेगळं असतं, पण शोधलं की सापडतो.

नियम मात्र असा आहे की एका दाबण्यानं सेवा सुरू होताच कामा नये. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, जुलै २०१३ मध्ये सांगून ठेवलं आहे की मूल्यवर्धित सेवेला दोनदा संमती हवी. एकदा तुम्ही मागितल्यावर, आणि सेवा व तिचे पैसे सांगून पुन्हा एकदा. ही दुसरी संमतीच आपल्या भांडणाची किल्ली आहे, तिच्याकडे मी परत येते.

आधी नळ बंद करा. १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांसाठी एकच, फुकट नंबर आहे. ज्या सिमवरून पैसे जात आहेत त्याच सिमवरून या नंबरला फोन लावा किंवा इंग्रजीत "स्टॉप" लिहून एसएमएस पाठवा. कुठल्या सेवा चालू आहेत ते कळतं आणि त्या बंद करता येतात. बंद झाल्याचा मेसेज आला की तो पुसू नका. माझ्या भाच्यानं पेटी भरली म्हणून सगळं साफ केलं होतं, नशीब मी आधी फोटो काढून ठेवला होता. बटणांच्या फोनवर स्क्रीनशॉट निघत नाही, तेव्हा दुसऱ्या फोननं त्या पडद्याचा फोटो काढायचा, तारीख दिसेल असा.

सेवा सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत हे केलंत तर कापलेले पैसे परत मागायचा सरळ हक्क आहे, फार वाद घालावा लागत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच सांगून ठेवा, कसलाही इंग्रजी मेसेज आला की त्याच दिवशी दाखवायचा. आम्हाला कळायला नऊ दिवस गेले होते, तो दरवाजा बंद झाला होता.

तरी दुसरा होता. दुसऱ्या दिवशी मी १९८ लावला. १२१ चौकशीचा नंबर आणि १९८ तक्रारीचा, हा फरक लक्षात ठेवा. १९८ फुकट आहे आणि तिथे तक्रार नोंदली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, द्यावाच लागतो. या वेळी मी "पैसे कट गए" म्हटलं नाही. वहीत आधी लिहून ठेवलं होतं, तेच वाचलं: "इस नंबर पर फलाँ तारीख से राशिफल की सर्विस चालू है। पाँच रुपये रोज़, नौ दिन, पैंतालीस रुपये। मैंने दूसरी बार कन्फर्म नहीं किया। आपके पास कन्फर्मेशन का रिकॉर्ड हो तो तारीख, टाइम और तरीका बताइए। न हो तो पैसे वापस कीजिए। डॉकेट नंबर दीजिए।"

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग टकटक टाइप केल्याचा आवाज. तो आवाज मला ओळखीचा आहे, माणूस "सहायता" सोडून कामाला लागल्याचा.

"सेवा तुमच्याच नंबरवरून सुरू झाली" हे उत्तर खोटं नसतं, अर्धं असतं. आईंनी एक दाबलं होतं, ते मी लपवलंही नाही. पण एक दाबणं ही पहिली पायरी. दुसरी संमती कधी घेतली, एसएमएसनं की आणखी कशानं, हे कंपनीनं दाखवायचं. ते विचारलं नाही तर कुणी आपणहून दाखवत नाही.

डॉकेट नंबर मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकोनात लिहिला, चतुर्थीच्या शेजारी. मोबाइलमध्ये ठेवलेला नंबर मोबाइलबरोबरच हरवतो. सोबत बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ. बिलाच्या तक्रारीला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणून सहा आठवडे पुढच्या चौकोनातही एक फुली मारून ठेवली.

दहाव्या दिवशी मेसेज आला: तक्रार बंद, सेवा ग्राहकाच्या विनंतीवरून सुरू. रेकॉर्डचं नावसुद्धा नाही. इथे शंभरातली नव्वद माणसं सोडून देतात. पंचेचाळीस रुपयांसाठी कोण मरमर करणार? छप्पन दुकानवर चौघं नाश्त्याला गेलो तर त्याहून जास्त जातात. मला पैशाचं फार नव्हतं. डॉकेट "बंद" करण्याची ती कला मी जन्मभर जवळून पाहिली आहे, म्हणून खुमखुमी आली.

तक्रारीच्या वर अपील असतं. प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकरण ठेवावंच लागतं. निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही तर ३० दिवसांच्या आत अपील करायचं, त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय यायला हवा. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तळाच्या बारीक अक्षरांत सापडला नाही तर ट्रायच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांच्या तक्रार केंद्रांची आणि अपिलांची यादी आहे. माझं अपील आठ ओळींचं होतं. नंबर, डॉकेट, सेवेचं नाव, तारखा, रक्कम, आणि मग: दुसऱ्या संमतीचा रेकॉर्ड मागितला होता, उत्तरात तो नाही, म्हणून ४५ रुपये परत करावेत. फोटो जोडले. त्यात "मनस्ताप", "ज्येष्ठ नागरिक", "अन्याय" काही लिहिलं नाही. ते शब्द खरे असले तरी वाचणारा त्यांच्यावरून डोळा फिरवून पुढे जातो.

पंचविसाव्या दिवशी आईंच्या फोनवर ४५ रुपये जमा झाले. रेकॉर्ड काही आला नाही.

अपिलातही काही झालं नाही तर पुढे काय, तेही सांगते, पण मी तिथवर गेले नाही. ट्राय नियम करते, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा ट्रायला पत्रं लिहीत बसू नका. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे लिहिता येतं, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवता येतं. रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. फोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असं कुणी सांगितलं तर ते जुनं झालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जाता येतं असं स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पंचेचाळीससाठी मी गेले नसते. कुणाच्या पोस्टपेडवर परदेशातल्या रोमिंगचे वीस हजार लागले असतील तर जरूर जावं.

पोस्टपेडवाल्यांनी एक सांभाळायचं. रागात पूर्ण बिल थकवू नका. विलंब शुल्क चढतं, जोडणी तुटू शकते, आणि बाकी असेल तर दुसऱ्या कंपनीत नंबरही नेता येत नाही, पोर्टची विनंती नाकारली जाते. तक्रार नोंदवतानाच विचारा, वादातली रक्कम निकालापर्यंत बाजूला ठेवता का, आणि हो म्हणाले तर ते ईमेलवर मागून घ्या. नाही म्हणाले तर मी भरून टाकते आणि भांडण चालू ठेवते. आमचे हे म्हणतात, भरलं म्हणजे मान्य केलं. तसं नाही, डॉकेट तुमच्या हातात आहे.

कधीकधी कंपनीचा दोषच नसतो. नातवानं खेळात हिरे घेतले आणि प्ले स्टोअरमध्ये पैसे देण्याचा मार्ग "मोबाइल बिल" असा जोडलेला होता, तर ती रक्कम बिलात दिसते आणि आपण १९८वर ओरडतो. प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट ठेवा, "पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स"मध्ये जा. चालू वर्गण्या तिथे दिसतात, तिथूनच बंद करायच्या. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही, फार जण इथेच फसतात. खरेदी होऊन ४८ तास झाले नसतील तर तिथूनच परतावाही मागून बघता येतो. मग प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायची सेटिंग लावून टाका आणि तो पासवर्ड नातवाला सांगू नका, कितीही गोड बोलला तरी. बँकेतून जात असतील तर यूपीआय ॲपमध्ये "ऑटोपे" नावाची यादी बघा. अशी रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. ती येते, आपण बघत नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात पंचेचाळीस नाही, पंचेचाळीस हजार जातात. पैसे परत मिळवायच्या घाईत गूगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. वर येणारा दहा आकडी मोबाइल नंबर ठगाचा असू शकतो. गोड बोलून तो एखादं ॲप टाकायला लावतो किंवा ओटीपी मागतो. परतावा द्यायला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. हात पोळलाच असेल तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला फोन.

जाहिरातीचे फोन बंद करायला १९०९वर इंग्रजीत "स्टार्ट ०" पाठवता येतं, तेही आईंच्या फोनवर करून टाकलं. त्यानं आधी बसलेली सेवा निघत नाही, पण एक दाबा म्हणणारी बाई कमी येते. फोनच्या पाकिटात आता एक चिठ्ठी आहे, मोठ्या अक्षरांत: १५५२२३, १९८, १९३०. खाली आईंनी स्वतःच्या हातानं नणंदेचा मस्कतचा नंबर लिहिला आहे. परत आलेल्या पैशांतून त्यांनी तिला फोन लावला आणि पहिली पाच मिनिटं मी १९८वर काय काय बोलले तेच सांगत होत्या. आयएसडीच्या भावानं.